वाचकांचे प्रश्न : गाडीत पाणी नेमके शिरते कुठून?

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. वडिलांची गाडी असल्याने ती मोडीत काढण्याची इच्छा नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीत ती पिंपळाखाली, उघड्यावर उभी असते. यंदाच्या पावसात चालकाशेजारच्या सीटपुढचे कार्पेट सतत ओले राहू लागले आणि ते उचलल्यावर तळाच्या पत्र्याला गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले. गॅरेजवाले म्हणतात की लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून खालून कोटिंग मारले की काम झाले. तसे करावे का?

उत्तर : करू नये. पाणी शिरण्याची वाट बंद होत नाही, तोवर पत्र्यावर केलेला खर्च पाण्यातच जाणार. शिवाय लांबी ओल शोषते, गंजावर ती धरत नाही, आणि गंजलेल्या पत्र्यावर मारलेल्या कोटिंगखाली ओल कोंडून राहिल्याने पत्रा आतल्या आत सडत जातो. वरून मात्र सारे काळेभोर आणि नवे दिसते.

ओल जिथे दिसते तिथेच पाणी शिरते असे नाही. जुन्या इमारतीत ओल एकाच्या छताला दिसते आणि गळती भलत्याच घराच्या मोरीत सापडते, तसेच गाडीचे आहे. आपल्या बाबतीत माझा पहिला संशय पिंपळावर आहे. बॉनेट उघडून वायपरखालची जाळी पाहावी. तिथे पाने आणि माती साचली की पाणी वाहून जाण्याच्या वाटा तुंबतात, आणि साचलेले पाणी हवा आत ओढणाऱ्या ब्लोअरच्या तोंडातून केबिनमध्ये उतरते. बऱ्याच गाड्यांत हे तोंड चालकाशेजारच्या बाजूलाच असते. दुसरी शक्यता समोरच्या काचेच्या रबरी बीडिंगची : उन्हाने ते कडक होऊन कोपऱ्यांत आकसते. तिसरी दाराची. दाराच्या खालच्या कडेची भोके बुजली, किंवा आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद कुणी काच दुरुस्त करताना फाडून तसाच ठेवला, की दारात उतरलेले पाणी आत झिरपते. पाऊस नसतानाही, फक्त एसी चालवल्यावर कार्पेट भिजत असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल, तर मात्र ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे.

संशयाची खात्री अशी करावी. कार्पेट आणि त्याखालचा फोम बाहेर काढून वाळवावा. फोम वरून कोरडा लागला तरी आत आठवडाभर पाणी धरून ठेवतो. मग उघड्या तळावर व कडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने साध्या पाइपने, हलक्या धारेने, आधी दाराच्या खालच्या कडेला, मग वर, मग काचेला आणि शेवटी वायपरच्या जाळीत पाणी सोडावे. प्रत्येक जागी काही मिनिटे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. पावडरीत ओघळ उमटला की वाट सापडली. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ही तपासणी करू नये, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

वाट बंद झाल्यावरच पत्र्याकडे वळावे. पापुद्रे खरवडून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जरा दाबून पाहावे. पत्रा टणक असेल, तर पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासून, गंजरोधक रसायन आणि इपॉक्सी प्रायमर लावून रंग द्यावा. टोक आरपार गेले, तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडण्याला पर्याय नाही. पूर्वी कुणी लांबी भरली असल्यास कापडात गुंडाळलेले लोहचुंबक तिथे पकड घेत नाही. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर ही परीक्षा जरूर करावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवलेली, कार्पेट व वायरी बाजूला केलेल्या आणि पेट्रोलची नळी सुरक्षित केलेली आहे, हे स्वतः उभे राहून पाहावे. जोडावर सीलर आणि पोकळीत मेण मारून घ्यावे.

सीटचे बोल्ट, सीटबेल्टचे टोक किंवा सस्पेन्शन जिथे बसते तिथलाच पत्रा सडला असेल, तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, जिवाचा होतो. असे एकाहून अधिक ठिकाणी आढळले, तर वडिलांची आठवण असली तरी गाडी रस्त्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र्याचे काम ऑक्टोबरच्या उन्हात काढावे. तोवर जाळी साफ ठेवावी आणि कार्पेट बाहेरच असू द्यावे.

प्रश्न : वरळीला समुद्राजवळ गाडी उभी असते. प्लास्टिकचे कव्हर घातले तर गंज टळेल का?

उत्तर : उलट वाढेल, कारण ओल्या गाडीवर घातलेल्या कव्हरखाली खारी दमट हवा कोंडते. गाडी गोड्या पाण्याने, विशेषतः चाकांच्या कमानींच्या आतून आणि खालून, नियमित धुवावी आणि कोरडी झाल्यावर हवा खेळणारे कापडी कव्हर घालावे.