भावाला पोलिसांत द्यायचं का, ताई?

"ताई, माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, दोन वर्षं झाली गर्द ओढतोय. मागच्या महिन्यात त्याचा मित्र ओव्हरडोसने गेला, सोबतची पोरं पोलीस केसच्या भीतीने त्याला तसंच टाकून पळाली. आता बाबा म्हणतात आपणच याला पोलिसांत देऊ, सहा महिने आत राहिला की अक्कल येईल. मी काय करू? – एक बहीण"

अगं, त्या मित्रापाशीच अडकले मी, दोनदा वाचलं पत्र. कायदा जितका कडक तितकी ही पळापळ जास्त, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना वेगळा कायदा करावा लागला की ओव्हरडोससाठी ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्यावर जवळ थोडा माल सापडला म्हणून केस करायची नाही.

बाबांचं दुखणं कळतं मला, पण त्यांना एक गोष्ट शांतपणे सांग. आत गेल्यावर माल तुटतो, शरीराची सवय उतरते, पण तलफ आणि एकटेपणा तसाच राहतो, मग पोरगा सुटतो आणि जुन्याच हिशोबाने डोस घेतो, जो आता शरीराला झेपत नाही. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे अशा पोरांसाठी सगळ्यात जास्त धोक्याचे असतात. म्हणजे बाबा ज्याला सुधारणा समजतायत त्यातूनच जीव जाऊ शकतो, शिवाय केसचा डाग लागला की नोकरी मिळणं अवघड ते वेगळंच.

बंदीमुळे मालही बदलतो बरं का. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली, कारण लपवायला, न्यायला तीच सोपी. आज तेच फेंटानिल या कृत्रिम नशेचं झालंय, हेरॉइनच्या साधारण ५० पट जहाल, चिमूटभर पुरतं. पुडीत नक्की काय मिसळलंय हे कित्येकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

धंदा करणाऱ्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता थोडा माल बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही, अशा माणसाला कोर्टाऐवजी एका समितीसमोर पाठवतात, आणि सोबत उपचार वाढवले. तिथे नशा करणाऱ्यांमधली एचआयव्हीची नवी लागण खूप खाली आली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२१ मध्ये तसंच काही केलं पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही आणि २०२४ मध्ये तो परत गुन्हा ठरला. मला वाटतं सगळं अडतं ते उपचारापाशीच.

तर भावाला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे ने. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवता येईल का विचार, या औषधांनी तलफ आटोक्यात राहते आणि ओव्हरडोसने मरण्याचा धोका बराच कमी होतो. अचानक बंद करायला लावून खोलीत कोंडू नका, तिथेही सवय उतरण्याचा तोच धोका आहे. नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोसचा असर उतरवणारं औषध, घरात ठेवता येतं का तेही डॉक्टरांनाच विचार. ओठ निळे पडले, श्वास मंद झाला, हाक मारून उठत नसेल तर आधी ॲम्ब्युलन्स, मग नॅलोक्सोन असेल तर ते, श्वास चालू असेल तर कुशीवर वळव. शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि माल अंगात शिल्लक असतो.

आणि आज रात्री त्याच्याजवळ बस, त्याला सांग की कधी काही झालं तर मला फोन कर, मी पोलिसांना बोलावणार नाही. मित्र गेल्यापासून तो कुणाशी बोललाय का ते पण विचार. आणि मग मला लिही.