ओढ्याकाठचे वाळुंज ओळखायचे कसे, आणि लावायचे कुठे?

प्रश्न: आमच्या ओढ्याच्या काठाला लांबट पानांची, पाण्याकडे झुकलेली झाडे आहेत. कोणी वाळुंज म्हणते, कोणी शेरणी. हीच विलो का? बॅटच्या लाकडासाठी लावता येईल का? रोपवाटिकेत ‘विपिंग विलो’ म्हणून रोप मिळते, ते घ्यावे का? आणि काठ ढासळतो आहे, त्याला यातले काय उपयोगी पडेल? (सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.)

उत्तर: लागवडीचे ठरवण्याआधी झाडाची ओळख पक्की करा. ओढ्याकाठी वाढणाऱ्या बऱ्याच झाडांची पाने पाण्याच्या ओढीने लांब, निमुळती झालेली असतात, त्यामुळे नुसत्या पानावर गेलात तर फसाल.

एक डहाळी तोडून हातात घ्या. पाने समोरासमोर जोडीने असतील आणि चुरगळल्यावर जांभळासारखा वास येत असेल, तर ते ओढ्याकाठचे पानजांभूळ. वाळुंजाची पाने एकाआड एक असतात. ती साधारण 8 ते 15 सेंटिमीटर लांब, कडेला बारीक दातेरी आणि खालून निळसर पांढुरकी दिसतात. आता पानाच्या बगलेतला डोळा पाहा. वाळुंजाच्या डोळ्यावर एकच खवला असतो. नखाने उचकला तर तो एका तुकड्यात निघतो. पॉपलर याच कुळातला, पण त्याच्या डोळ्यावर एकावर एक अनेक खवले असतात. ही खूण बारा महिने पाहता येते, फुलांची वाट बघावी लागत नाही.

शेरणीचा घोटाळा जास्त होतो, कारण तिचीही पाने एकाआड एक आणि विलोसारखीच असतात. पण शेरणी म्हणजे होमोनोइया रिपारिया, एरंडाच्या कुळातले झुडूप. ती पात्रातल्या खडकांच्या फटीत, माणसाच्या उंचीच्या आसपास वाढते. तिचे फळ एरंडासारखे तीन कप्प्यांचे असते. वाळुंजाचे बोंड दोन शकलांत उघडते आणि आतून कापूस बाहेर येतो. पिकत आलेले एक बोंड चिरून पाहा: लांब पांढऱ्या केसांत गुंडाळलेल्या बहुधा चार बिया दिसतील. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी याच चार बियांवरून झाडाला सॅलिक्स टेट्रास्पर्मा असे नाव दिले.

तेव्हा हो, वाळुंज ही खरी विलोच. सॅलिक्स या प्रजातीत जगभर चारशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक थंड प्रदेशातल्या. उष्ण कटिबंधात उतरलेल्या थोड्या जातींपैकी आपले वाळुंज एक. ढोबळ मानाने या जातींचे तीन गट पाडतात: मोठे वृक्ष, टोपल्यांसाठी लवचिक फोक देणारी झुडपे आणि हिमालयासारख्या उंचीवर जमिनीलगत सरपटणारी खुजी झुडपे. वाळुंज वृक्षांच्या गटातले. त्याच्या नरफुलात चारपाचपासून दहाच्या आसपास पुंकेसर असतात, तर बॅटच्या विलोत दोनच. जाती आपसांत सहज संकर करतात, म्हणून अभ्यासकांनाही विलो ओळखताना पाने, फुले आणि बोंडे तिन्ही लागतात. नमुना ओळखीसाठी पाठवाल तेव्हा तिन्ही पाठवा. जुन्या पुस्तकांत हे कुळ फक्त विलो आणि पॉपलरचे होते. डीएनएच्या आधारे झालेल्या नव्या वर्गीकरणात आपल्या रानातले तांबट आणि बोखाडाही त्यात आले आहेत.

बॅटचे लाकूड वेगळ्या जातीचे आहे. ते सॅलिक्स आल्बाच्या सेरुलिया या वाणाचे. इंग्लंड हे त्याचे मूळ घर, आणि आपल्याकडे ते काश्मीरमध्ये लावतात. अनंतनागजवळच्या बिजबेहारा, संगम भागातला बॅटचा धंदा त्यावरच उभा आहे. त्याला खरा हिवाळा, लांब विश्रांती आणि थंड ओलावा लागतो. सोलापूर, नगरच्या उन्हात रोपे तगली तरी बॅटचे लाकूड देणार नाहीत. यात पैसे घालू नका, कोणी कितीही हमीभाव सांगो.

‘विपिंग विलो’ म्हणून बरेचदा लोंबत्या फांद्यांचे बॉटलब्रश विकले जाते. पान चुरगळा. निलगिरीसारखा तेलकट वास आला आणि जुन्या फांदीला कठीण, मण्यांसारखी फळे चिकटलेली दिसली, की ते बॉटलब्रश. बागेला शोभेल, पण काठ धरायचे काम त्याच्याकडून वाळुंजासारखे होणार नाही.

काठासाठी वाळुंजच लावा. बियांच्या मागे लागू नका, त्यांची उगवणशक्ती थोडेच दिवस टिकते. छाटकलम सोपे. नवी पालवी फुटण्याआधी, वर्षभराच्या, पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाड फांदीचे 20 ते 25 सेंटिमीटरचे तुकडे करा. खालचा काप तिरका, वरचा सपाट घ्या, म्हणजे उलटे लागणार नाहीत. पाने काढून टाका आणि दोनतृतीयांश भाग ओल्या वाळू-मातीत पुरा. वर दोन डोळे पुरेत. कलमे सुकतात ती बहुधा तोडल्यानंतर उन्हात पडून राहिल्याने, म्हणून तोडल्याबरोबर बादलीतल्या पाण्यात उभी ठेवा.

इथे एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. वाळुंजात पपईसारखी नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकाच झाडाची शंभर कलमे लावलीत तर सगळी एकाच लिंगाची होतात आणि पुढे काठावर आपोआप एकही रोप उगवत नाही. पावसाळा सरल्यावर फुलोरा येतो तेव्हा झाडांना खुणेची दोरी बांधून ठेवा. नराच्या फुलोऱ्यावर पिवळे परागकोश दिसतात, मादीचा फुलोरा हिरवा दिसतो. किमान पाच-सहा झाडांवरून, दोन्ही प्रकारची कलमे घ्या. सरकारी जमिनीवरच्या झाडाची फांदी काढण्याआधी वन किंवा महसूल खात्याला विचारा.

काठावर मात्र मीटर-सव्वामीटरचे सोट लावा, निम्मा भाग जमिनीत, मीटरभर अंतराने दोन नागमोडी ओळींत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा मारा थेट पायथ्यावर बसतो. तिथे आधी दगड रचा, नाहीतर मुळे धरण्याआधीच पहिला पूर सोट उपटून नेतो. पात्राच्या मध्ये लावू नका, प्रवाह अडून समोरचा काठ कापला जातो. मुळे पाण्याच्या मागे धावतात, म्हणून विहिरीचे बांधकाम आणि पाईपलाईनपासून किमान दहा मीटर दूर राहा. मुरमाड, कोरड्या बांधावर हे झाड जगत नाही. आणि पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून काटेरी कुंपण घाला, कोवळा पाला त्यांना फार आवडतो.