हूक, टिचबटणं लावायला नुकतीच सुरुवात केलीय?

सुरुवातीला तीनच गोष्टी शिका: साधं बटण, टिचबटण आणि हूक-आय (हूक आणि तो अडकवायची कडी). चेन बसवायची घाई नको, तिच्यापायी बरेच जण शिवणच सोडतात.

टिचबटणात सगळे हमखास चुकतात ते दोन्ही भाग समोरासमोर आणताना. आधी टोकवाला भाग वरच्या पट्टीच्या आतून शिवा. टोकाला खडू घासा, पट्टी नीट बंद करा आणि दाबा. खाली ठिपका उमटेल, तिथेच खोलगट भागाचा मध्य. मोजपट्टी लागतच नाही. (मी हे फार उशिरा शिकले. तोवर सगळे ब्लाउज किंचित तिरके!)

बाकी चुका:
- बटण कापडाला घट्ट आवळणं. शिवताना बटणाखाली आगकाडी ठेवा, नंतर ती काढून बटणाखालच्या टाक्यांभोवती दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्या.
- हुकाची फक्त मागची दोन भोकं शिवणं. हुकाच्या मानेपाशीही (जिथे तो वळतो तिथे) दोन टाके हवेतच, नाहीतर हूक उभा राहतो.
- पातळ कापडाला अस्तराचा तुकडा न लावणं. बटण टिकतं, कापड फाटतं.

आणि सेफ्टी पिन लावायला लाजू नका. १८४९ मध्ये वॉल्टर हंटने पेटंट घेतलं, तेव्हापासून ती सगळ्यांची अब्रू राखतेय. पहिली टिचबटणं जुन्या कापडावर लावून बघा, जमेल.