गणितात गुण आहेत, शिक्षक होऊ का?

प्रश्न : मी परभणीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. वडील म्हणतात बी.एड. कर. भरतीचा काही नेम नाही. गुण चांगले आहेत, तेवढ्यावर शिक्षिका होता येईल का?

उत्तर : तेवढ्यावर नाही, पोरी. बी.एड.च्या मुलांचे सराव पाठ बघण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून सांगतो. शेजारच्या सहावीतल्या पोराला १/२ अधिक १/३ विचार. बरीच पोरं २/५ सांगतात. तू लसावि काढून दाखवशील, ते मान डोलवेल आणि उद्या परत २/५ लिहील. त्यापेक्षा विचार, "अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी तुकडा खाल्ला, मग एकूण अर्धीपेक्षा कमी कशी झाली रे?" पोरगं कुठं अडलंय ते हुडकण्यात तुला मजा आली, तर खुशाल बी.एड. कर.

बी.एड.साठी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागेल, पुढं दोन वर्षं. प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ आणि सराव पाठ खरंच शाळेत होतात का ते विचार. काही ठिकाणी सगळं टाचणवहीतच, म्हणजे पाठाची तयारी लिहायच्या वहीतच, उरकतात. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; तिच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, तेव्हा विज्ञानही घोटून ठेव. भरतीचं वडिलांना स्पष्ट सांग : टीईटी झाली तरी भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि सरकारचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ, पवित्र पोर्टल, आहेच, वाट बघावी लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं मनात असेल तर एम.एस्सी.ही लागेल.