सही कोणत्या नावाने करायची?

तुम्ही विचारले आहे की, पुण्यात युद्धविरोधी सभा भरवणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात एमएससाठी गेल्यावर तिथल्या निदर्शनांना आणि टीच-इनना, म्हणजे एखाद्या प्रश्नावर व्याख्याने आणि खुली चर्चा होते अशा सभांना, जावे, की व्हिसाचा विचार करून दोन वर्षे गप्प राहावे. जाता जाता एकटेपणाबद्दलही विचारले आहे. व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आहेत, ते मी पुन्हा लिहीत नाही. उत्तर लिहायला बसलो ते मुख्यतः माझ्याच एका जुन्या गोष्टीमुळे, हे आधीच सांगून टाकतो.

टीच-इन हा प्रकार तुम्ही जाणार त्याच विद्यापीठात जन्माला आला. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली, तेव्हा तिथल्या काही प्राध्यापकांनी एक दिवस वर्ग बंद ठेवून युद्धावर चर्चा करायचे ठरवले. वर्ग बंद ठेवण्यावर राज्यभरातून टीका झाली. मग मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांनी सुचवले की, वर्ग बंद करण्याऐवजी रात्री जास्तीचे वर्ग घ्यावेत. २४ मार्चच्या संध्याकाळी एंजल हॉलमध्ये सुरू झालेली व्याख्याने आणि वादचर्चा २५ तारखेच्या सकाळपर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक लोक आले. मुलींच्या वसतिगृहांना रात्री परतण्याच्या वेळेचे बंधन असे, ते त्या रात्रीपुरते उठवले गेले. बॉम्बच्या धमक्या आल्यामुळे इमारत रिकामी करावी लागली, तर लोक मार्चच्या थंडीत बाहेर उभे राहून बोलत राहिले. आपल्या वसंत व्याख्यानमालेत वक्ता बोलतो आणि आपण ऐकून घरी जातो. टीच-इनमध्ये वक्त्यांना प्रश्न विचारणे आणि त्यांच्याशी चर्चा करणे हा कार्यक्रमाचा मोठा भाग होता. त्या वसंत ऋतूत ही पद्धत देशभरातल्या विद्यापीठांत पसरली. मे महिन्यात वॉशिंग्टनला राष्ट्रीय टीच-इन झाले, आणि तिथे युद्धाचे समर्थन करणारेही व्यासपीठावर होते.

मी ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात आलो. त्याचे नाव घेत नाही. माझ्या पासपोर्टात माझे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात होते, जसे आपल्यापैकी बहुतेकांचे असते. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर वडिलांचे नाव गळले, आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या कागदावर, दोन्ही नावे जोडून एकच लांबलचक शब्द झाला आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर उरले. नेमक्या त्याच काळात परदेशी विद्यार्थ्यांची माहिती सरकारकडे नोंदवणारी सेव्हिस ही नवी यंत्रणा लागू होत होती. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आठ-नऊ वेळा गेलो, आणि प्रत्येक वेळी हसतमुखाने सांगितले गेले की यंत्रणा नवी आहे, धीर धरा. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझा राग गेलेला नाही, हे मला थोडे हास्यास्पद वाटते.

५ मार्च २००३ ला इराक युद्धाच्या विरोधात देशभर विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले; ‘बॉम्ब नकोत, पुस्तके हवीत’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. आमच्याकडेही दुपारी एका सभागृहात इतिहासाच्या प्राध्यापकांचे व्याख्यान झाले. मी मागच्या रांगेत बसून सगळे ऐकले. मग एका निवेदनाचा कागद सह्यांसाठी माझ्यापर्यंत आला. मी पेन हातात घेतले आणि शेजारच्या मुलीला म्हणालो की माझे खरे नाव कोणते हेच अजून ठरलेले नाही, सही कोणत्या नावाने करू? ती हसली. मी कागद पुढे सरकवला. दोन आठवड्यांनी युद्ध सुरू झाले. माझ्या सहीने ते थांबले असते असे मी कधीच मानले नाही, पण नावातली चूक ही माझी सबब होती, कारण नव्हते, हे मला तेव्हाच ठाऊक होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. तेव्हाची माझी भीती आजच्या मानाने पोकळ होती. २०२४ मध्ये ॲन आर्बरच्या डायग या चौकात गाझातील युद्धाविरुद्ध तंबू पडले आणि महिनाभराने पोलिसांनी ते हटवले. पुढच्या वर्षी टफ्ट्स विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थिनीला, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात इतरांसोबत एक लेख लिहिल्यानंतर, रस्त्यावरून ताब्यात घेतले गेले. त्याच सुमारास हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी रद्द झाल्या आणि न्यायालयात दावे गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या. त्यामुळे ‘बिनधास्त जा’ असे मी म्हणू शकत नाही. व्याख्यानांना आणि टीच-इनना जा, प्रश्न विचारा. तंबूत राहण्याआधी किंवा इमारत अडवण्याआधी मात्र वकिलाशी बोला, कारण तिथे अटक झाली तर अमेरिकन मित्राचे एक सत्र वाया जाईल आणि तुम्हाला मात्र अमेरिकाच सोडावी लागू शकते. कोणत्या निवेदनावर सही करायची ते मी सांगणार नाही. तो अधिकार मी २००३ मध्येच गमावला.

एकटेपणा पहिल्या हिवाळ्यात येतो आणि मग त्याची सवय होते. त्या व्याख्यानाला मी युद्धापेक्षा माणसांमध्ये बसण्यासाठी गेलो होतो, एवढे मान्य करतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी १९६५ च्या त्या रात्रीवर एक मोठा तक्ता केला, शेवटी आजच्या युद्धांवर चार ओळी लिहिल्या. कोणा पालकाने तक्रार केली आणि शाळेने तो ‘राजकीय’ म्हणून भिंतीवरून उतरवला. मला बोलावले गेले. आता मी नागरिक आहे, व्हिसाचा प्रश्न नाही, नावही सगळीकडे एकच आहे. तरीही मुख्याध्यापकांसमोर मी वाद घातला नाही. तक्ता परत मिळाल्याच्या पावतीवर पूर्ण नावानिशी सही करून तो गुंडाळून घरी आणला. गाडीत मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही काही बोललात का?” त्यावर मी रस्त्यावरच्या बर्फाबद्दल काहीतरी बोललो. तो तक्ता अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, आय-ट्वेंटी आणि विद्यापीठाच्या नोंदीतले नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. मी ॲन आर्बरपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. एंजल हॉल पाहायला जाल तेव्हा कळवा. मुलगी यायला तयार आहे, आणि तिची हरकत नसेल तर मीही येईन.