तिसरा बोअर घ्यावा का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंबड तालुक्यात तीन एकर मोसंबी, आठ वर्षांची 330 झाडं. विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, दोन बोअर आज कोरडे आहेत. शेजाऱ्यांनी 700 फूट घेतला म्हणून यजमानांना आता तिसरा घ्यायचाय. लेकीच्या फार्मसीसाठी ठेवलेली 3 लाखांची एफडी मोडावी की पाटल्या गहाण ठेवाव्यात, एवढंच तुम्ही विचारलंय.

दोन्हींना हात लावू नका.

आधी तुमचाच हिशेब मांडते. पहिल्या बोअरला मोटार, केबल, पाइप धरून 1 लाख 70 हजार गेले, तो दोन उन्हाळे चालला. दुसऱ्याला 1 लाख 10 हजार, त्यातून नुसता फुफाटा निघाला. म्हणजे एका उन्हाळ्याचं पाणी 1 लाख 40 हजारांना पडलं. गेल्या वर्षी टँकरला 70 हजार गेले ते जिव्हारी लागले, कारण ते खेपेखेपेला हातातून सुटत होते. पण बोअरपेक्षा ते निम्मेच होते.

आणि बोअरमध्ये तुमच्या मालकीचं नेमकं काय असतं? भोक आणि पाइप. पाणी नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क प्रत्येक मालकाला आहे. तुम्हाला आहे तसा शेजाऱ्यालाही. पाण्याला मात्र बांध कळत नाही. त्यांनी 700 केला म्हणून तुम्ही 800 करायचा, मग ते 900 करणार, आणि सगळे मिळून एकाच खडकातल्या त्याच भेगा रिकाम्या करणार. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे जवळपास 200 फुटांपुढची विहीर 'खोल विहीर' ठरते आणि शेतीसाठी तशी घ्यायला बंदी आहे. कायद्याला मान्य नसलेल्या भोकात मुलीचं शिक्षण ओतू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग बागेचं काय? बचत खात्यात 90 हजार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातले 30 हजार विहिरीचा गाळ काढायला, ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या बदलायला आणि आळ्यांत पाचट पसरायला लावा. उरलेले 60 हजार टँकरसाठी वेगळे ठेवा, दुसरीकडे वापरू नका. आंबे बहाराऐवजी, म्हणजे हिवाळा संपताना येणाऱ्या फुलांऐवजी, मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं, धरता येईल का, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मृगाचं फळ वाढतं ते पावसाच्या आणि विहिरीच्या भरल्या पाण्यावर, आणि तोडणी साधारण विहीर आटायच्या सुमाराला येते. उन्हाळ्यात मग फक्त झाडं जगवायची. पैसा काही महिने पुढे जाईल, म्हणून फीच्या तारखा आधी बघून घ्या. मरतुकडी झाडं काढून टाका. लावलेल्या हाताला ते जड जाईल, मला माहीत आहे.

आता खरं काम. ओढ्याकाठी तुमच्यासह पाच विहिरी आहेत म्हणता. त्या पाचही घरांना एकदा एकत्र बसवा. हे स्वप्नरंजन नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं, उसाला नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे. नगरकडचं हिवरे बाजार गाव तर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही.

तुम्ही पाच घरांपुरतं करा. कुणी किती तास मोटार चालवायची, नवा बोअर कुणीच घ्यायचा नाही, ओढ्यातला गाळ पाचांच्या वर्गणीतून काढायचा. हे कागदावर लिहून सह्या घ्या. पुढे सामाईक विहीर झालीच, तर तिच्यातला हिस्सा सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंदवल्याशिवाय रुपयाही देऊ नका. भाऊबंदकीत सर्वात आधी नाकारला जातो तो हाच तोंडी हिस्सा.

यजमानांना माझं पत्र वाचायला देण्याआधी तो 1 लाख 40 हजारांचा आकडा त्यांच्याच हातानं काढू द्या. आणि 700 फूटवाल्या शेजाऱ्यांकडे दोघं मिळून जा. त्यांची मोटार एप्रिलमध्ये किती तास पाणी ओढते, तेवढं विचारून या.