जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला पहिल्यांदा जाताय? मुक्काम जुन्या गावातच करा

स्टेशनजवळचं हॉटेल थोडं स्वस्त मिळेलही, पण माझं ऐका, खोली जुन्या गावातच घ्या. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. संध्याकाळी सहलीच्या बसेस निघून गेल्या की बाराव्या शतकातल्या दगडी पुलावर निवांत उभं राहता येतं, खाली डॅन्यूब खळाळत असते. हे सुख लांब राहून मिळत नाही.

बुकिंग करण्याआधी लिफ्ट आहे का, हे नक्की विचारा. इमारती जुन्या, जिने अरुंद आणि उभे. बाहेर फरसबंदी रस्ता, त्यावर मोठ्या बॅगेची चाकं अडखळतात. तेव्हा सामान कमीच न्या. पोहोचायला उशीर होणार असेल तर आधी कळवा. लहान हॉटेलांत रात्री रिसेप्शनवर कुणी नसतं, किल्ली कोड टाकून पेटीतून घ्यावी लागते.

एसी आणि पंखा बहुधा नसतोच. खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते, सरळ वर फिरवली की फक्त वरून कलते. रात्री तशीच ठेवा. झोप सावध असेल तर चर्चच्या घंटांपासून दूरची, आतल्या चौकाकडची खोली मागा.

नाश्ता भरपेट असतो: ब्रेड, चीज, दही, फळं. शाकाहारी माणसाचंही छान भागतं. रविवारी मात्र दुकानं बंद असतात, त्यामुळे फळं-बिस्किटं शनिवारीच आणून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.